साठ मिनिटांचा पाहुणा

सही रुद्रेशनं स्वतःच्या हातानं केली होती आणि तीही हसत हसत. त्यामुळं आता बोंब मारायला तोंड नव्हतं.

मार्च महिन्यातली गोष्ट. फुटबॉल संघटनेच्या हॉलमध्ये सम्राटचा सत्कार होता. सम्राट म्हणजे देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळणारा कोल्हापूरचा पोरगा. आठ महिन्यांपूर्वी त्याचा डावा गुडघा फिरला, आतलं लिगामेंट तुटलं, तेव्हा अख्खं शहर हळहळलं. रिक्षांच्या पाठीवर त्याचे फोटो लागले, कुणी अंबाबाईला नवस बोललं, कुणी जोतिबाचा डोंगर अनवाणी चढलं. आता ऑपरेशन होऊन पोरगा पळायला लागला होता. डोक्याला भगवा फेटा, गळ्यात गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार, आणि एक हात खुर्चीच्या पाठीवर, पायावर भार कमी यावा म्हणून.

संघटनेचे सेक्रेटरी आकारामबापू माईकवर आले. "मंडळी, सम्राटच्या क्लबाचं पत्र आलंय. मोठ्या मैदानात उतरायच्या आधी पोरानं घरच्या मैदानावर दोन मॅच खेळाव्यात, साठ-साठ मिनिटं, आसं डॉक्टरांचं म्हणणं हाय. नाव तर बुरुज तालमीच्या यादीत आजबी पैलंच हाय, दरसाल मानानं घालत्यात. सगळ्या कॅप्टननी ना-हरकत दिली म्हंजे झालं. हाय का कुणाची हरकत?"

पेढ्यांच्या बॉक्सामागोमाग कागद फिरला. सत्काराच्या मांडवात हरकत काढायची म्हणजे लग्नात मयताची गोष्ट काढण्यासारखं. सोळा तालमींच्या, म्हणजे पेठापेठांच्या फुटबॉल संघांच्या, सोळा कप्तानांनी सह्या ठोकल्या. चिंचेच्या तालमीचा कप्तान म्हणून रुद्रेशकडं कागद आला, तेव्हा त्यानं तोंडात पेढा असतानाच मोठ्यानं म्हटलं, "आपल्या मातीचं पोरगं, हरकत कसली?" आणि हॉलभर टाळ्या पडल्या. कोणत्या दोन मॅच, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. कुणालाच सुचलं नाही.

चिंचेच्या तालमीला तरी का सुचावं? एक्केचाळीस वर्षांची तालीम. दारातली चिंच रस्त्याच्या रुंदीकरणात गेली, नाव तेवढं मागं राहिलं. पोरं कागलच्या एमआयडीसीत मशिनीवर, कुणी गाडीवर हेल्पर, कुणी भाजीच्या गाळ्यावर. दर मोसमात पहिल्या-दुसऱ्या मॅचला हरायचं, हलगीशिवाय घरी यायचं आणि तालमीच्या कट्ट्यावर बसून पंचाला शिव्या घालायच्या, हा त्यांचा शिरस्ता. फायनल म्हणजे बड्या पेठांची गोष्ट.

पण त्या साली चैत्रात काय वारं फिरलं कुणास ठाऊक. नॉकआऊटमध्ये चिंचेच्या तालमीनं पहिली मॅच जिंकली.  दुसरीला पेनल्टीवर जीव टांगणीला लागला आणि तिथंही देव पावला. सेमीफायनलला शेवटच्या मिनिटाला रुद्रेशनं गोलाच्या रेषेवरून चेंडू पायानं नव्हे, छातीनं अडवला, आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तालमीत गुलाल उडाला. त्याच्या आईनं, बसव्वानं, दारात उभं राहून ओवी म्हटली. ती मूळची शिरोळकडची, घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारी. ओव्या मात्र तिच्या मराठीतच यायच्या.

*चिंच गेली गं दारातली, तिची सावली कुठं गेली,*
*माझ्या गं बाळापाठी अकरा जणांत उभी ऱ्हायली.*

दुसऱ्या दिवशी दुसरी सेमीफायनल. बुरुज तालीम खेळणार होती. आणि यादीत पहिलं नाव होतं सम्राटचं.

ती मॅच रुद्रेशनं गॅलरीत बसून बघितली आणि तो धास्तावला. सम्राट चांगला खेळला म्हणून नव्हे. तो चांगला खेळणारच, त्याचं पोटच त्यावर. धास्ती बसली ती दुसऱ्याच गोष्टीची. सम्राटच्या पायात चेंडू आला की समोरचा बॅक मागं सरकायचा. देवाची पालखी आल्यावर माणसं कडेला होतात, तसा. पाय घालायला कुणी धजेना. ह्याच्या गुडघ्याला माझा बूट लागला, तर उद्या कोल्हापुरात तोंड दाखवायची सोय राहायची नाही, हे ज्याच्या त्याच्या मनात. सम्राटनं तीन गोल केले. शर्टाला माती लागली नाही. साठाव्या मिनिटाला तो बाहेर गेला, गुडघ्याला बर्फ बांधून बसला, आणि मॅच सुटल्यावर हरलेल्या संघाच्या कप्तानानं त्याच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला.

बुरुज तालमीच्या बाकावर अमरसिंह बसला होता. सबंध मोसम त्याच जागेवर खेळून त्यानं अकरा गोल केले होते. साठ मिनिटं तो हाताची घडी घालून बसला आणि शेवटची तीस मिनिटं खेळला, तेव्हा गॅलरी अर्धी रिकामी झाली होती.

आता फायनल. रुद्रेश स्टॉपर. म्हणजे सम्राटला अडवायचं काम त्याचंच.

कारखान्यात चहाच्या सुट्टीत पोरांनी त्याला घेरलं.

"काय पावणं, रविवारी खेळणार, का हार घालणार?"

"पाय घालशील तर बघ रुद्र्या. माझी आजी नवस फेडाय डोंगरावर गेलतीया त्याच्यासाठी. म्हातारी तुला सोडायची न्हाय."

"आन् न्हाय घातला तर आमचं काय? एक्केचाळीस सालातनं एकदा, भावा. एकदा!"

रुद्रेश हसला. पण हसू ओठाच्या खाली उतरलं नाही. त्याचं वय एकतीस. ह्या मोसमानंतर आपण खेळायचं नाही, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या उजव्या गुडघ्यानं त्याला सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तोही असाच फिरला होता. त्याला ऑपरेशन झालं नाही, बर्फाच्या पिशव्या आल्या नाहीत. आईनं, त्याच्या अव्वानं, आंबेहळद उगाळून लेप लावला, वडगावच्या हाड बसवणाऱ्यानं एक हिसका दिला, आणि एकवीस दिवसांनी तो पुन्हा मशिनीवर उभा राहिला. तेव्हापासून जिना उतरताना तो आधी डावा पाय टाकतो. घरच्या मैदानावर दोन मॅच खेळून गुडघा तपासून बघावा, असं पत्र त्याच्यासाठी कुणी पाठवलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सराव झाला. पिराजीतात्या, तालमीचे कोच, कधीकाळचे गोलकीपर, दोन्ही हातांची बोटं वाकडी. पोरं पांगल्यावर ते रुद्रेशजवळ आले, जमिनीकडं बघत एवढंच म्हणाले, "डावा हाय."

"काय डावा?"

"गुडगा. डावा हाय म्हनलं त्याचा. मी काय सांगाय लागलोय न्हाय. आपलं म्हायती आसावं."

आणि चप्पल फरफटत निघून गेले. रुद्रेश तिथंच उभा राहिला. तात्यांनी आयुष्यात कुणाला लाथ मार म्हणून सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नव्हतं. पण तो शब्द त्याच्या कानात जाऊन बसला तो बसलाच, कणसात अळी बसावी तसा.

शनिवारी सकाळी तो रंकाळ्याच्या काठानं चालायला गेला. बघतो तर पुढं सम्राट. एक फिजिओ मुलगी हातात घड्याळ घेऊन उभी, आणि सम्राट दगडी कठड्याच्या कडेनं पळतोय, वळतोय, थांबतोय. रुद्रेशला बघून तो थांबला. घामाघूम तोंडावर जुनंच हसू आलं.

"रुद्रादा!"

हा पोरगा मूळचा चिंचेच्याच गल्लीतला. दहा वर्षांचा असताना रोज संध्याकाळी चेंडू घेऊन रुद्रेशसमोर यायचा, चुकवायला बघायचा. रुद्रेशनं त्याला एकदाही पुढं जाऊ दिलं नव्हतं. प्रत्येक वेळी चेंडू काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "मोठा झालास की ये." पुढं सम्राटच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं, तो बुरुजाकडं गेला, आणि तिथनं कुठल्या कुठं.

दोघं कठड्यावर बसले. सम्राटनं गुडघ्याचा पट्टा सोडला. गोऱ्या कातडीवर गांडुळासारखा लांब व्रण.

"दुखतोय?" रुद्रेशनं विचारलं.

"दुखत न्हाय. तेच तर." सम्राट पाण्याकडं बघत म्हणाला. "सेमीत कुणी अंगाला बोट लावलं न्हाय, रुद्रादा. तीन गोल झाले, सगळ्यांनी खांद्यावर घेतलं. आन् मला आतून कळंना की हा टिकणार हाय का न्हाय. तितं गेल्यावर कुणी सोडणार न्हाय मला. पैल्याच मॅचला येतील अंगावर. क्लबवाल्यांनी वीस तारखेला बोलवलंय. कराराचं त्या दिवशी ठरणार. आन् मी रात्री झोपंत पाय धरून बसतोय."

रुद्रेशनं कठड्यावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"तू येशील न्हवं अंगावर?" सम्राटनं विचारलं. "लहानपणी यायचास तसा?"

"मग त्यासाठी आमची फायनल व्हय रं?" रुद्रेशचा आवाज त्याच्या नकळत चढला. "तुझा गुडगा बघायला दवाखान्यात मशीन न्हाई? एक्केचाळीस वर्सांत एकदा आलोय आम्ही हितं. पोरांनी सुट्ट्या टाकल्यात, एकाचा पगार कापलाय. आन् तुझ्यासाठी ती तपासणी?"

सम्राटच्या हातातला पट्टा तसाच राहिला. तो म्हणाला, "सही तूच केलीस न्हवं, रुद्रादा?"

टोमणा नव्हता तो. पोरगा खरंच विचारत होता.  फिजिओनं शिट्टी वाजवली, सम्राट उठला, पट्टा बांधला. जाता जाता वळून म्हणाला, "ये पण. मला खरंच पायजे."

रविवारी दुपारी तालमीच्या दारात बायका जमल्या. अकरा पोरं रांगेत उभी, बूट हातात, अनवाणी. मैदानाला निघताना घरच्या बाईनं ओवाळायचं आणि पोरानं दारातली माती बुटाच्या आत चिमूटभर टाकायची, ही चिंचेच्या तालमीची जुनी रीत. तिथं चिंचेचं मूळ अजून जमिनीत आहे म्हणतात. बसव्वानं मुलाला ओवाळलं, अक्षता टाकल्या, कानाशी तोंड नेलं.

"जपून खेळ रं बाळा. त्या पोराच्या पायाला लागू देऊ नगंस. त्याच्या आईनं लई सोसलंय. लेकराचं पुढं लई हाय अजून."

रुद्रेशनं मान हलवली. बुटात माती टाकली.

स्टेडियम फुटायला आलं होतं. उन्हानं तापलेल्या पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेलं, हलग्या, शिट्ट्या, दोन्ही तालमींचे झेंडे, एका कडेला तालमीच्या बायकांत बसव्वाही. पण सम्राट मैदानात आला तेव्हा दोन्ही बाजूंनी एकच गर्जना उठली. चिंचेच्या तालमीची पोरंसुद्धा ओरडली. ते ऐकून रुद्रेशला वाटलं, आपल्याच घरात आपण पाहुणे झालो.

पहिली वीस मिनिटं चिंचेची तालीम जिवावर उदार होऊन खेळली. चेंडू सम्राटपर्यंत पोचूच दिला नाही. तेविसाव्या मिनिटाला पोचला. मधल्या रेषेजवळ त्यानं तो छातीवर घेतला, खाली सोडला आणि वळला. समोर रुद्रेश.

दोघांच्या मध्ये दहा पावलं. मग पाच. रुद्रेशला चेंडू स्पष्ट दिसत होता. नेहमीपेक्षा मोठा दिसत होता. सम्राटनं तो अंमळ पुढं ढकलला होता, अर्धा हात जास्तच, आणि तो अर्धा हात म्हणजे स्टॉपरच्या हक्काची जागा. आत्ता. आत्ता पाय टाकायचा. पण त्याला चेंडूमागचा तो पट्टा दिसला. डावा हाय. लेकराचं पुढं लई हाय. सही तूच केलीस न्हवं. सगळे आवाज एकदम आले आणि त्याचं अंग आपोआप कडेला झालं. दार उघडावं तसं.

सम्राट आत गेला. गोल.

स्टेडियम उठलं. रुद्रेश जागेवरच उभा होता. गोलकीपर पोरगा जाळ्यातनं चेंडू काढत त्याच्याकडं बघत होता. तो ओरडला नाही. तो नुसता बघत राहिला, आणि ते जास्त झोंबलं.

मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये संत्र्याच्या फोडी तशाच राहिल्या. पिराजीतात्या शेवटी म्हणाले, "आता काय पावण्याला च्या पाजतोस का?" आणि पाठ फिरवली. मग लगेच वळले, रुद्रेशच्या खांद्यावर वाकड्या बोटांचा हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी गुरुवारी बोललो ते इसर. लई वाईट बोललो. चेंडू बघ. चेंडूला डावं-उजवं नसतंय."

दुसरा हाफ सुरू झाला. ऊन तिरपं झालं होतं. चिंचेच्या तालमीनं दोनदा चढाई केली, दोनदा बुरुजानं परतवली. अठ्ठावन्नावं मिनिट. पुन्हा तसाच चेंडू आला, तसाच सम्राट वळला, तशीच दहा पावलं, मग पाच. सम्राटची नजर ह्या वेळी वर आली. गल्लीतल्या पोरासारखी. बघूया म्हणणारी.

रुद्रेश गेला.

उजव्या पायावर, त्या नऊ वर्षांच्या दुखण्यावर, सगळं वजन टाकून तो खाली घसरला. बुटाच्या पुढच्या टोकाला चेंडू लागला, नीट, स्वच्छ, टप्प असा आवाज आला, आणि चेंडू बाजूला गेला. चेंडूनंतर सम्राटचा पाय आला. दोघं एकमेकांत अडकून मातीत पडले.

अख्खं स्टेडियम गप्प झालं. चिमणीचा आवाज ऐकू यावा एवढं गप्प. सम्राट तोंडावर पडला होता, दोन्ही हात डाव्या गुडघ्याभोवती. मग एक शिवी आली. मग दहा. मग पाण्याच्या बाटल्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "मारला रं पोराला! खाल्ल्या घरचे वासे मोजणारी अवलाद!" फिजिओ पिशवी घेऊन पळत आली. पंचांनी शिट्टी मारली, फाउल दाखवला आणि रुद्रेशच्या तोंडासमोर पिवळं कार्ड धरलं.

"चेंडूला लागला, साहेब. चेंडूलाच लागला," रुद्रेश जमिनीवरूनच म्हणाला.

पंचांनी गॅलरीकडं एक नजर टाकली आणि मान हलवली.

तेवढ्यात सम्राट हलला. हळूच त्यानं गुडघा सरळ केला. वाकवला. पुन्हा सरळ केला. उठून उभा राहिला, एक उडी मारली, दुसरी मारली. आणि हसला. आठ महिन्यांत असं हसला नसेल. तो रुद्रेशजवळ आला, त्याला हात देऊन उठवलं आणि त्याला गच्च मिठी मारून कानात ओरडला, "टिकला! रुद्रादा, टिकला! बघितलंस का?"

स्टेडियम पुन्हा गर्जलं. बाटल्या थांबल्या, टाळ्या पडल्या. रुद्रेशनं त्याच्या खांद्यावरून पंचांकडं बघितलं. एक शब्द, सम्राटनं एकच शब्द टाकला असता, साहेब, चेंडूला लागला, तर पंचांनी कार्ड खिशात घातलं असतं. सम्राटचं म्हणणं सगळ्या गावानं ऐकलं असतं. पण त्याच्या डोक्यात तो शब्द आलाच नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त एक गुडघा होता. पोरगा वाईट नव्हता. पोरगा खूश होता.

दोनच मिनिटांनी बाहेर पाटी वर झाली. साठ मिनिटं भरली. सम्राट दोन्ही हात वर करून, चारी दिशांना वळून नमस्कार करत बाहेर गेला. दाराशी गाडी उभी होती. बर्फाची पिशवी बांधून, मागं न बघता तो तिच्यात बसला. आणि त्याच्यामागोमाग गॅलरी उठायला लागली. पायऱ्या रिकाम्या होत गेल्या. जत्रेतनं देव उठल्यावर पालं मोडतात, तसे झेंडे गुंडाळले गेले. मॅचची तीस मिनिटं बाकी होती.

अमरसिंह आत आला. रुद्रेशसमोर येऊन उभा राहिला, मोजे वर ओढले आणि म्हणाला, "चला पावणं. आता खेळूया."

आणि ती तीस मिनिटं दोघं खेळले. कुणी कुणाला सोडलं नाही. अमरसिंह खांद्यानं भिडला, रुद्रेश खांद्यानं भिडला. दोनदा एकमेकांना पाडलं, दोनदा उठवलं. चिंचेच्या तालमीच्या पोरांनी मैदान कवेत घेतलं. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून परत आला, आणि उरलेल्या माणसांच्या तोंडातनं जी हाय निघाली तिच्यात बुरुजाचेही आवाज होते. पण बरोबरी झाली नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा पाटीवर तेविसाव्या मिनिटाचा तो एकच गोल होता.

बक्षीस समारंभात आकारामबापूंनी माईकवर सामनावीर म्हणून सम्राटचं नाव घेतलं. सम्राट तर गेलेला. थोडी पळापळ झाली, आणि मग ते बक्षीस त्याच्या वतीनं घ्यायला अमरसिंहला पुढं बोलावलं. तो गेला. फोटोवाल्यानं "हसा की जरा" म्हटलं, तेव्हा त्यानं दात दाखवले. उतरताना उपविजेत्या संघाच्या रांगेत उभ्या असलेल्या रुद्रेशच्या कानाशी तो वाकला. "सही आमच्याबी कॅप्टननं केलती," तो म्हणाला. "मला कुणी इचारलंच न्हाय."

तालमीच्या कट्ट्यावर पोरं बसली होती. हलगी नव्हती. शिव्याही नव्हत्या, हे वेगळंच. रुद्रेश मध्ये उभा राहिला.

"तो गोल माझ्यामुळं झाला," तो म्हणाला. "चुकवला न्हाय त्यानं मला. मी बाजूला झालो. जागा दिली. तुम्हांस्नी ठावं असावं म्हणून सांगतोय."

गोलकीपर पोरगा बूट काढत होता. त्यानं बूट उपडा केला, आतली चिमूटभर माती दारात सांडली. "आमाला दिसलं की, दादा," तो म्हणाला. एवढंच.

"पुढल्या साली कुणी बी ना-हरकत मागू दे. मी सही करणार न्हाय."

पिराजीतात्यांनी विडी पेटवायला काडी ओढली, ती विझली, दुसरी ओढली. "करशील," ते म्हणाले. "कप्तान आसशील तर तू करशील, नसशील तर दुसरा करंल. गावचं पोरगं फेटा बांधून समोर उभं ऱ्हायलं, लंगडत, आन् तोंडात पेढा आसला, तर कोन न्हाय म्हननार? मीबी केली आसती."

रुद्रेशला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. पण काय भांडणार? मार्चमधला तो हॉल त्याला डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्यातला आपला आवाजही ऐकू येत होता. आपल्या मातीचं पोरगं. ते तेव्हा खोटं नव्हतं. आजही नव्हतं.

घरी आला तेव्हा अंधार पडत होता. उजवा गुडघा नारळाएवढा फुगला होता. बसव्वानं त्याला पडवीत बसवलं, सहाणेवर आंबेहळद उगाळायला घेतली. उगाळता उगाळता तिच्या तोंडून आपसूक ओवी आली, नेहमीची, पण निम्म्यावर ती अडखळली.

*परक्याचं गं लेकरू, त्याला लागू नये काटा,*
*माझ्या गं बाळाच्या...*

पुढची ओळ तिनं गिळली. सहाणेचा आवाज तेवढा चालू राहिला.

त्याचा फोन वाजला. सम्राटचा आवाज रेकॉर्ड होऊन आलेला, मागं गाड्यांचे हॉर्न. "रुद्रादा, पुण्याला निघालो. पायाला काय सूज न्हाय बघ. एकदम ओके म्हणल्या फिजिओ. तू आलास म्हणून कळलं, न्हाय तर मी भीतभीतच गेलो आसतो. लई उपकार. आन् तुमची मॅच... कशी झाली शेवटाला?"

रुद्रेशनं फोन पालथा ठेवला.

बसव्वा कोमट लेप घेऊन आली. गुडघ्यावर हात ठेवला, पण लावला नाही. मान खाली होती तिची.

"बाळा," ती म्हणाली, "पैल्या वेळंला तू बाजूला झालास. मी बोललेवते म्हणून का रं?"

"न्हाय गं अव्वा."

"खरं सांग."

"न्हाय म्हनलं न्हवं? मला जमलं न्हाय. त्यो लई भारी खेळतोय."

तिनं वर बघितलं. एकतीस वर्षं ज्या तोंडाकडं बघत आली, त्या तोंडाकडं. मग तिनं लेप लावायला सुरुवात केली. आधी कडेनं, मग मध्ये. सुजेच्या बरोबर वर तिनं अंगठा टेकला आणि दाबला.

"हितं दुखतंय?"

"न्हाय."

तिनं आणखी दाबलं. रुद्रेशनं दातावर दात धरले, भिंतीला डोकं टेकलं, आणि मग त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलंच.

"दुखतंय," तो म्हणाला. "हितंच दुखतंय, अव्वा."

तिनं हात सैल केला नाही. फक्त दुसऱ्या हातानं त्याच्या बुटात राहिलेली माती उंबऱ्यावर झाडली, आणि लेपावर जुन्या लुगड्याची पट्टी गच्च बांधली.